गरब्याला झूम कशाला?

रावपुऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात शलाका मेमरी कार्डासाठी उभी होती. तिच्या पुढच्या नवरा-बायकोची चिमुकली कॅमेरा-बॉडी ठरली होती. अडलं होतं ते लेन्सवर. काउंटरवर दोन होत्या: एक वीतभर लांब, दुसरी बिस्किटासारखी चपटी.

"अगं, ही झूम घेऊ. खुर्चीत बसल्या बसल्या तुझा चेहरा टिपतो."

"लग्नापासून खुर्चीतच बसताय. फोटोत येते शेजारणीची ओढणी!"

"म्हणून तर मोठी घेतोय. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा तुझा पहिला गरबा आहे, चुकायला नको."

"ही चपटी कमी उजेडात चांगली, असं हे दुकानवाले भाई आत्ताच म्हणाले ना?"

"पण तिला झूम नाही. तू लांब गेलीस की ठिपका दिसशील."

"लांब जाऊन जाणार कुठे? गरबा गोलच फिरतो. दर फेरीला तुमच्यासमोर येईन."

"आणि मधे माणसं आली म्हणजे?"

"मग बाहेर थांबताच कशाला? आत या, माझ्याबरोबर फिरा."

"मी? आणि कॅमेरा कुठे ठेवू?"

"खिशात. चपटी लेन्स त्याचसाठी तर हवी!"

"कुठल्या खिशात? माझ्याकडे गरब्याचं केडियू तरी आहे का?"

"कालच शिवायला टाकलंय. खिसा मोठा ठेवायला सांगितलाय."

शलाकाचा नंबर बाजूच्या काउंटरवर आला होता, पण ती हलली नाही.

"भाई, ही लांबडी आत ठेवा. ही चपटी, नानी आपी दो. आणि तू गं, आज घरी गेल्यावर दोन टाळीचा गरबा शिकव मला. आधी पडदे लावून घे!"