न विचारता काढलेली रांगोळी

माझं माहेर कराडजवळचं, वडील शाळेत शिपाई, आम्ही चौघी बहिणी, आणि दारात रोज सकाळी सडा आणि ठिपक्यांची रांगोळी, ती चुकली असा दिवस नाही. आईची एक वही होती, तेलकट डागांची, त्यात सगळ्या गल्लीच्या रांगोळ्या. कुणाच्या दारात नवी दिसली की आई रस्त्यातूनच विचारायची, काय हो, किती ठिपके, की आतून आवाज यायचा, पंधरा ते आठ, झालं, दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात. आणि आमची कुणी उचलली तर आई दिवसभर खुशीत. तुम्ही लिहून घेताय म्हणून हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं ते चोरीच्या बुद्धीनं नाही केलं. पण केलं ते केलंच.

लग्न होऊन इकडं अमेरिकेत, बेलव्ह्यूला आले. मिस्टर कारखान्यात मशिनवर, मी एका म्युझियममध्ये साफसफाईला. आपल्या इथल्या मराठी मंडळात सगळ्या डॉक्टरीणबाई नाहीतर इंजिनियरांच्या बायका, त्यांना मी नुसतं म्युझियममध्ये जॉब करते म्हणायची, कसला जॉब असं कुणी विचारलं की चहा आणायला उठायची. रांगोळी तेवढी मला त्यांच्यापेक्षा चांगली यायची, तरी दिवाळीच्या कॉम्पिटिशनला दरवर्षी माझा दुसरा नंबर, पहिला कायम सरितावहिनींचा, त्यांचे मिस्टर हार्टचे डॉक्टर. चीड यायची हो, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी म्युझियमनं ऑस्ट्रेलियाहून एक आदिवासी बाई बोलावली, तीन आठवडे, लोकांसमोर पेंटिंग काढून दाखवायला. तिचं नाव मी घेणार नाही. त्यांच्यात माणूस गेलं की नाव घेत नाहीत, तिनंच सांगितलेलं, आणि ती आज आहे का नाही मला काय ठाऊक. वयस्कर बाई, पांढरे कुरळे केस, आणि काय सांगू तुम्हाला, कॅनव्हास जमिनीवर पसरून मांडी घालून बसली आणि काडीनं ठिपके द्यायला लागली, मी मॉप हातात धरून उभीच राहिले. अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली, पण जमिनीवर बसून ठिपके काढणारं माणूस पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्या दिवशी मी थालीपीठ नेलं. तिनं खाल्लं, मला सिस्टर म्हणाली. इंग्लिश तिचंही मोडकं, माझंही मोडकं, म्हणून छान जमलं.

ती सांगायची, हे नुसतं डिझाइन नाही सिस्टर, ही गोष्ट आहे, माझ्या बापाच्या जमिनीची, आमचे पूर्वज तिथून कसे चालत गेले त्याची. ही मी काढायची, माझ्या बहिणींनी काढायची, माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही, त्याला त्याच्या बापाची आहे. मी आपली हो हो करायची. एकदा मला काडी दिली, म्हणाली, ही मोकळी जागा भर. मी भरली, तर गुड हँड म्हणाली. तिथंच माझं डोकं फिरलं. मला वाटलं, आपल्या हाताखालून गेली म्हणजे आपल्या वहीत आली.

दिवाळीला शाळेचा हॉल घेतलेला, फरशी खराब होते म्हणून प्लायवूडच्या बोर्डावर रांगोळी काढायची. मी तिची सगळी नक्षी काढली, आठवून आठवून, चिमटीनं एकेक ठिपका. पहिला नंबर! सरितावहिनी स्वतः येऊन म्हणाल्या, कुसुम, कमाल केलीस. आणि त्या पेंटिंगवाल्या बाईला मी सरप्राइज म्हणून बोलावलेलं, मिस्टर गाडी घेऊन आणायला गेले होते. वाटलं, बघून खूश होईल, माझी आई व्हायची तशी.

ती आली, बोर्डाजवळ वाकून एकेक ठिपका बघत गेली. मग विचारलं, ही तुला कुणी दिली? मी हसत म्हटलं, तूच की. ती म्हणाली, मी काडी दिली होती, गोष्ट नव्हती दिली. मग हळूच म्हणाली, पुसून टाक सिस्टर, आत्ता, फार लोक बघतायत, मला घरी जाऊन मोठ्यांना तोंड दाखवायचंय. तेवढ्यात कॅमेरावाला हाका मारतोय, वहिनी कप घेऊन उभ्या. आणि मी मेली काय म्हणाले, वेट, फाइव्ह मिनिट्स, फोटो होऊ दे.

पाच मिनिटांनी पुसली हो मी, पदरानं पुसली. ती बाहेर गाडीजवळ पाठ करून उभी होती. तिला सोडायला जाताना मी रस्ताभर सॉरी सॉरी करतेय, ती खिडकीबाहेर बघतेय. उतरताना थँक्यू म्हणाली. सिस्टर नाही म्हणाली. सोमवारी थालीपीठ घेऊन गेले तर ती नाही, तीन दिवस बाकी असताना परत गेली होती.

याला आता चार वर्षं झाली. कॉम्पिटिशनला मी जात नाही, घरात देवापुढं आईची पंधरा ते आठ काढते तेवढीच. मुलगी म्हणते, मॉम, इट वॉज जस्ट अ रांगोळी. आमच्या फोटोतला बोर्डाचा भाग मी कात्रीनं कापून टाकला, पण मंडळाच्या अंकात तोच फोटो छापलाय, तो घरोघर आहे, तो मी कुठल्या पदरानं पुसू?

तुम्ही मघापासून विचारताय, नक्षी कशी होती, पुढं गोष्ट काय होती. सगळं पाठ आहे मला, डोळे मिटले की दिसतं. बाकी माझं सगळं लिहा, साफसफाई करते तेही लिहा, आता कसली लाज. पण ती नक्षी सांगणार नाही. तिच्या बहिणींचे हात चालते राहोत, त्या काढतील. मला कुणी दिलेली नाही ती.