स्वतःचे आजोबा धरत नाहीत

…आणि आज सकाळपासून ही चौथी पोरगी. तुम्हाला सांगतो, पहिली आली तेव्हा माझे दात अजून वाटीतच होते, तोंड धुतलं नव्हतं, आणि ही येऊन बसली पलंगाच्या कडेला, मांडीवर कागद, कागदावर तीन प्रश्न, त्यातला पहिला, "आजोबा, तुमचं बालपण कसं होतं?" आता दातांशिवाय बालपण सांगायचं कसं? काहीतरी पुटपुटलो. तिनं ते वळणदार अक्षरात उतरवून घेतलं आणि तक्ता पुढे केला. "आजोबा, सही."

तुम्ही या वृद्धाश्रमात कालच आलात, म्हणून सांगून ठेवतो. बारावी झाली की ही पोरं हल्ली एक वर्ष मोकळं ठेवतात. गॅप इयर म्हणे. आमच्या वेळी वर्ष असं मोकळं गेलं तर त्याला नापास म्हणायचे. बरं, ठेवलं मोकळं, तर लोळा ना घरी. नाही, पुढच्या कॉलेजला दाखवायला अनुभव लागतो. दुकानात जावं तर दुकानदार म्हणतो, आधी अनुभव घेऊन ये. प्राणिसंग्रहालयात हत्तीला आंघोळ घालायला तीनशे जणांची रांग. ग्रंथालयात पुस्तकं फुकट पुसायलासुद्धा मुलाखत. मग उरलं कोण? आम्ही. हत्ती मिळाला नाही म्हणून म्हातारा… आणि दोनशे तास भरल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि तास भरला याला पुरावा काय, तर माझी सही.

चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली मी, एवढ्या सह्या आमच्या मालकानंसुद्धा केल्या नसतील. खरं बालपण अगदी सुरुवातीला आलेल्या तिघींतच संपलं, मग मी रचायला लागलो. एकीला सांगितलं, लहानपणी विहिरीत पडलो. दुसरीला सांगितलं, पडलो आणि बुडालो. "मग पुढे?" म्हटलं, पुढे काय, मेलो. तिनं मान वर न करता लिहून घेतलं. "किती छान सांगता हो तुम्ही. आजोबा, सही."

परवा एकीनं नखं कापली. आदल्याच दिवशी दुसरीनं कापलेली. म्हटलं, बाई, नखं संपली, आता बोटंच उरलीत. तर म्हणते कशी, "चालेल, अर्धा तासच भरायचाय."

तुम्ही म्हणाल, पोरी येऊन बसतात, एवढं काय चिडायचं? चिडतो, कारण मला नातू आहे. सख्खा. त्यानंही यंदा वर्ष मोकळं ठेवलंय. मला वाटलं, आता येईल, आठवड्यातून एकदा तरी बसेल, त्याला खरं बालपण पुन्हा नीट सांगेन, त्या तिघींना सांगितलं नाही तेही. आज येतो, उद्या येतो… "आजोबा, काम शोधतोय." शोध बाबा. शेवटी गेल्या सोमवारी फोन आला. "आजोबा, मिळालं! वृद्धाश्रमात!" तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. फोन कानाला तसाच, आणि दुसऱ्या हातानं खुर्ची पुसायला घेतली. म्हटलं, कधी येतोस?

"तिकडे नाही हो, नदीपलीकडच्या आश्रमात."

"अरे, मग इथे का नाही?"

"स्वतःच्या आजोबांबरोबरचे तास धरत नाहीत."

ऐकलंत? धरत नाहीत. कुठला कोण परका म्हातारा, त्याच्या उशाशी माझा नातू आठवड्याला दहा तास बसतो, त्याचं बालपण ऐकतो, आणि मेला तो म्हातारा मजेत सह्या ठोकतो. मला राग आला, वाईट वाटलं, जेवण गेलं नाही. तसाच उठलो, अर्ज लिहिला, संचालकबाईंच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, मला नदीपलीकडे हलवा.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "हलवू की, आजोबा. पण तुम्ही तिकडे गेलात की त्याला तिथे काम करता येणार नाही. नातेवाईक चालत नाहीत. त्याचा एकही नातेवाईक नसेल अशा ठिकाणी पाठवतील त्याला."

"म्हणजे कुठे?"

"म्हणजे मग… इथेच."

अर्ज मागे घेतला. करतो तो फोन अधूनमधून, चार-पाच मिनिटं. त्याचेही तास धरत नाहीत. तरी करतो.