आभाळातली वीज आणि दादाची भट्टी

धाकटा : ठेव ती बरणी, दादा. फुटली तर फुटू दे आता.

थोरला : फुटू दे म्हणे! जिवापाड जपलीस इतकी वर्षं.

धाकटा : आणि झालं काय? तीन विद्वान माझा प्रयोग बघायला इतक्या लांबून आले, डोळे लावून बसले, आणि आतली सोन्याच्या वर्खाची पानं एकमेकांना चिकटून ढिम्म! रोज सकाळी छपरावरची तार बरणीला जोडली की कशी फटकन फाकतात. आभाळातली वीज खाली उतरल्याशिवाय का?

थोरला : मला झटका बसलाय की बोटाला! सांगू का त्यांना तसं?

धाकटा : तू माझा भाऊ. तुझी साक्ष कोण धरणार? एकदा का ते उठून गेले की त्यांच्या सभेचं दार मला कायमचं बंद. मग आहेच मी, गल्लीतला ढगवेडा.

थोरला : कोण म्हणतं रे ढगवेडा?

धाकटा : तूच म्हणतोस.

थोरला : मी म्हणेन. मी घरचा आहे. दुसऱ्या कुणी म्हणून तर बघावं!

वहिनी : अहो, इथे भांडत काय बसलाय? भावजी, किती वेळ थोपवू त्यांना खाली? दोनदा चहा झाला. त्या जाड्या पाहुण्यांना आमच्या लग्नाची अख्खी गोष्ट सांगितली, आता माझ्या गुडघेदुखीवर आलेय.

धाकटा : जाऊ दे त्यांना, वहिनी.

थोरला : असं कसं जाऊ दे? काय कमी केलं आपण? हा माळा झाडला, जिना धुतला, हिने तुझ्या सदऱ्याला इस्त्री केली. मी तर कालच भट्टी विझवली.

धाकटा : काय केलंस?

थोरला : पावाची भट्टी विझवली. तुझ्या तारेचं टोक आपल्या धुराड्याच्या तोंडावर, रोज काजळी धरते. म्हटलं, आजचा दिवस तरी तुझ्या विजेला स्वच्छ हवा मिळू दे.

वहिनी : मामंजी गेले तेव्हासुद्धा विझली नव्हती हो ती. मी म्हटलं, गिऱ्हाइकं ओरडतील. तर म्हणतात, ओरडू देत, भावापेक्षा पाव मोठा नाही.

धाकटा : दादा... अरे दादा, काय केलंस रे हे!

थोरला : चुकलं का काही?

धाकटा : रोज सकाळी मी तार जोडतो तेव्हा तुझी भट्टी भरात असते. तो गरम धूरच हवेतली वीज तारेवर आणून सोडत असणार. नुसत्या गार हवेतून ती येईचना! आणि मी शहाणा, सगळा वेळ वर बघत बसलो.

थोरला : म्हणजे मीच घात केला म्हणायचा.

धाकटा : घात कसला? तू विझवली नसतीस तर मला जन्मात कळलं नसतं. पेटव आधी. पेटेल ना?

थोरला : पेटेल, पण पीठ कुठे मळलंय? भाजू काय?

वहिनी : माझं डोकं भाजा! उतरा खाली. मी बघते पाहुण्यांकडे. गुडघा संपला तर पाठ आहेच.

(तासाभराने. थोरला खाली भट्टीपाशी, वहिनी वर माळ्यावर, जिन्याच्या तोंडाशी.)

थोरला : अगं ए, फाकली का पानं?

वहिनी : फाकली हो! चांगली बोटभर. भावजी नुसते बघत उभे आहेत. पाहुण्यांना बोलावू का वर?

थोरला : थांब जरा. आधी त्याला पोटभर बघू दे.