यंत्राला धूर सोसत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि वायुमापन कक्षाचे प्रमुख माननीय आनंद राजहंससाहेब, आज सेवानिवृत्त होत असलेले सत्कारमूर्ती श्री. उत्तरेश्वर झाडबुकेसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती मुक्ताईवहिनी, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, कक्षातले सर्व कर्मचारी, आणि शेवटी जेवण आहे असं कळल्यामुळे वेळेवर आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी शैला आठल्ये. बुधवार पेठेत आमचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान आहे. म्हणजे रेडिओचं होतं. आता कॉम्प्युटरच्या वायरी विकतो, कारण अख्ख्या पुण्याची मुलं हिंजवडीला जायला निघाली आहेत. मला इथे कशासाठी बोलावलं, ते माझं मलाच कळेना. मघाशी सूत्रसंचालिका भाग्यश्रीताईंनी खुलासा केला, 'नागरिकांचे मोलाचे सहकार्य'. अहो, कसलं सहकार्य! तुमचं हवा मोजायचं यंत्र आमच्या दुकानासमोर फुटपाथवर ठेवत होते, त्याला वीज माझ्या प्लगमधून दिली, एवढंच. पण पेठेतल्या दुकानदाराने कुणाला काही फुकट दिलं म्हणजे त्याचा सत्कार करायलाच हवा, हेही मला पटतं.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. माझ्या आधीच्या वक्त्यांनी साहेबांना कष्टाळू, निगर्वी, मितभाषी म्हटलं. त्यातलं मितभाषी मला विशेष आवडलं. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या चौकात डिझेलवर धावणाऱ्या सहा आसनी रिक्षा होत्या. सहा आसनी हे आपलं म्हणायला. माणसं आत मावेनात की ती ड्रायव्हरच्या मांडीवर बसायची. मागून जो काळा लोट निघायचा, त्यात समोरचं दुकान दिसेनासं व्हायचं. पोरी चेहऱ्याला ओढण्या गुंडाळून गाड्या चालवायला लागल्या, आणि आपण त्याला पुण्याची फॅशन म्हणून मोकळे झालो. शेवटी काही नागरिक न्यायालयात गेले आणि न्यायालयाने या रिक्षांना पेठांत यायची बंदी केली.

आमचं घर दुकानाच्या वरच आहे. माझे यजमान बाबुराव यांना दमा आहे. बंदी आली आणि महिन्या-दोन महिन्यांत हे जिना उतरून दुकानात येऊन बसायला लागले. गिऱ्हाइकांवर खेकसायला लागले. पेठेतला माणूस बरा झाल्याची याहून मोठी खूण कोणती असणार? मी कौतुकाने बघत बसायची.

मग रिक्षामालकांच्या संघटनेने हरकत घेतली. आमचा धूर म्हणे धूरच नव्हे. न्यायालयाने अगदी रास्त तोडगा काढला. महिनाभर रिक्षा पूर्वीसारख्या धावू द्या, चौकातली हवा मोजा, हवा मर्यादेत असेल तर बंदी उठवू. मोजायचं काम या कक्षाकडे आलं आणि या कक्षाने ते झाडबुकेसाहेबांकडे दिलं. न्यायालयाला फक्त एक गोष्ट कुणी सांगितली नाही. पेठ दुपारी झोपते.

अहो, हसताय काय! मी एक वाजता शटर ओढायला आणि तुमची जीप यायला एकच गाठ. 'बाई, तेवढा प्लग चालू ठेवा.' ठेवला. चारला मी शटर वर करते तोवर यंत्र पुन्हा जीपमध्ये. मधल्या वेळात आमच्या चौकात काय असतं? फुलं विकणाऱ्या गोदाबाई टोपलीला टेकून डुलक्या घेत असतात. दुकानं बंद, त्यामुळे गिऱ्हाईक नाही, त्यामुळे रिक्षा नाहीत; ज्या असतात त्यांचे ड्रायव्हर मागच्या सीटवर पाय पसरून घोरत असतात. आम्हा दुकानदारांना फार अभिमान हो, की दुपारी साक्षात गणपती दारात आला तरी आम्ही शटर उघडत नाही. तर त्या आमच्या झोपेची हवा तुम्ही मोजलीत, साहेब. ती चांगलीच भरणार!

मी पुणेरी बाई, मी विचारल्याशिवाय राहते की काय? म्हटलं, साहेब, संध्याकाळी या की, चौक काय असतो ते दिसेल. तेव्हा साहेबांनी दिलेलं उत्तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, 'बाई, गर्दीच्या वेळी नाही लावता येत. महागाचं यंत्र आहे, परदेशातून आणलंय. त्याला इतका धूर सोसत नाही.'

टाळ्या वाजवा, टाळ्या वाजवा. धूर मोजायचं यंत्र, आणि त्याला धूर सोसत नाही. माणसांना सोसतो. माणसं इथलीच आहेत ना, परदेशातून थोडीच आणलीत!

एके दिवशी मात्र घोटाळा झाला. यंत्र न्यायला येणारी जीप लक्ष्मी रस्त्यावर अडकली. कशात? वाहनांच्या गर्दीत. वायुमापन कक्षाची जीप! यंत्र दिवेलागणीपर्यंत तसंच चालू राहिलं. शेवटी झाडबुकेसाहेब रुमाल नाकाला लावून पायी आले. त्यांनी यंत्राचं झाकण काढलं आणि आतला गाळणीचा कागद बाहेर घेतला. दुपारी पांढराशुभ्र घातलेला मी पाहिला होता. तो तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता. साहेबांनी तो दिव्याकडे धरून पाहिला आणि म्हणाले, 'हा कागद सदोष निघाला.' घडी केली आणि खिशात टाकला.

राजहंससाहेब, पाणी घ्या. समोरच ठेवलंय.

साहेबांना तेव्हा खोकल्याची उबळ आली, म्हणून मी त्यांना पाणी प्यायला वर घरी नेलं. रिक्षा परतल्यापासून बाबुरावांचं खाली येणं थांबलं होतं. सगळ्या खिडक्या लावून, मांडीवर उशा घेऊन, त्यांवर ओणवे होऊन ते श्वास ओढत बसले होते. बोलायला लागले तर एका वाक्याचे चार तुकडे होत होते. साहेब कळवळले. खोटं कशाला बोलू, खरंच कळवळले. म्हणाले, 'काका, तुम्ही मोकळ्या हवेत जाऊन राहा कुठेतरी.' बाबुराव म्हणाले, 'मुलगा बोलावतोय गावाबाहेर, धायरीला. पण उद्या तिकडेही हेच आलं, की मग कुठे जाऊ?' साहेबांनी पेला खाली ठेवला आणि उठले. जाताना जिन्यात मला म्हणाले, 'बाई, मला दिसतंय हो सगळं. पण वरून सही झाल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. नोकरी आहे.'

आणि मग अहवाल गेला, की चौकातली हवा मर्यादेत आहे. त्यावर सही कुणाची, ते मी सांगत नाही. पाण्याचा ग्लास संपलाय, एवढं मात्र दिसतंय.

भाग्यश्रीताईंची चिठ्ठी आली. 'कृपया आवरते घ्या.' घेते हो. जेवण थंड होणार नाही, एवढी काळजी मलाही आहे.

सोमवारी सुनावणी आहे. अहवाल मान्य झाला तर बंदी उठणार. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, अशा धुरात यांच्याने यंदाची थंडी निघायची नाही. आणि हा माणूस त्या घरात जन्मला, हा धायरीला जायला तयार नाही. म्हणतो, मी काय गुन्हा केलाय? मला फार भीती वाटते हो, आणि त्याहून जास्त राग येतो. तुम्हा सगळ्यांचा येतो. चार पावलांवर जायला गाडी काढणाऱ्या आमच्या पेठेचाही येतो आणि दुपारी गाढ झोपलेल्या माझा स्वतःचाही येतो.

झाडबुकेसाहेब, जरा इकडे बघा. बूट चांगलेच आहेत, वहिनींनी नवे घेतलेले दिसतात. आज कार्यालय सुटलं की तुम्हाला कुणाच्या सहीची गरज उरत नाही. आमच्या वकिलांनी न्यायालयाकडे साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलंय. दुसरं कुणाचं देणार? तो कागद बघणारे आपण दोघंच होतो, आणि मी पडले वायरी विकणारी बाई. यंत्र कोणत्या वेळी लावत होतात आणि त्या संध्याकाळी झाकणाखाली काय पाहिलंत, एवढंच सांगायचं आहे. तुम्ही याल का?

नाही, शाल सारखी करू नका, ती नीट आहे. याल का?

काय म्हणालात, मुक्ताईवहिनी? अहो भाग्यश्रीताई, तो माईक तिकडे द्या बघू. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.

'ते येतील. मी घेऊन येते त्यांना. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हापासून नीट जेवत नव्हते, कशामुळे ते मला आज कळलं.'

बसा वहिनी, बसा. डोळे पुसा. मीही पुसते.

अध्यक्ष महाराज, मला बोलायची संधी दिलीत याबद्दल मनापासून आभारी आहे. पुन्हा देणार नाही, याची कल्पना आहे. साहेबांना निरोगी, दीर्घ आणि बोलक्या निवृत्तीसाठी शुभेच्छा देते. माझ्या बोलण्यात काही जास्त झालं असेल तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. काही कमी राहिलं असेल, तर ते सोमवारी साहेब न्यायालयात पुरं करतील. नमस्कार.