चौथ्या घटकाचं कुलूप

— तिथं नका बसू मावशी, त्या खुर्चीचा पाय हलतोय, इकडं पंख्याखाली या. पाणी घ्या आधी. उन्हाचं सोनईहून आलात, तोंड बघा कसं लालबुंद झालंय. घ्या, थंड हाय. तर मी काय म्हणत हुते — ह्या कागदात काय लई मोठं लिहिलेलं न्हाई. चार ओळी हायेत फक्त. ‘माझी मुलगी संस्कृती हिनं परीक्षेचा पेपर परीक्षेच्या आधी उघडून पाह्यला, ही तिची चूक झाली, एकवार माफी असावी.’ खाली तुमची सही. हिथं. पेन चालतंय का बघा — चालतंय. मोठे सर नगरला मीटिंगला गेलेत, चारपर्यंत येतील, ते यायच्या आत सही झालेली बरी. त्यांनी मला सकाळीच सांगितलंय, रुपाली मॅडम, पालकांना तुम्हीच समजवा, तुमचं बोलणं बायामाणसांना पटतं. आता पटतं का न्हाई ते तुमी सांगा.

सही केली की काय व्हईल? खरं सांगते, लपवून काय करायचंय. ह्या विषयात शून्य मार्क, आणि वर्ष परत. पण नाव बाहेर जाणार न्हाई. न्हाई केली तर सोमवारी चौकशी समिती बसणार, मग ते सगळं वर जाणार, मग पोरीच्या नावापुढं कायमचा डाग. त्यापेक्षा एक वर्ष गेलेलं काय वाईट? — काय? वडिलांनी दोनच वर्षं कबूल केलीत? तिसरं न्हाई म्हणजे न्हाई? अहो, मावशी, मी बोलते ना त्यांच्याशी. मी फोन करते. पदविका अर्धी सोडून कोण घरी बसवतं का पोरीला? जनावराला सुई द्यायचा तिचा हात बघितलाय का त्यांनी? आमच्या शेडमधली ती मारकी गाय मला जवळ येऊ देत न्हाई, आणि हिच्यापुढं — जाऊ द्या. ते बोलू नंतर. आधी सही.

कसा उघडला म्हणता? आता हे कसं सांगू तुमाला. बघा, हिकडं बघा कॉम्प्युटरकडं. हे आमचं पोर्टल. पोरांचा अख्खा अभ्यास हिथंच ठेवलाय, ज्यानं त्यानं आपल्या मोबाईलवर उघडायचा. आपल्या घरात कसं फडताळात एका फळीवर डाळी, एकीवर मसाले — तसंच हे. हा पहिला घटक, चारा-पाणी. हा दुसरा, गाभण जनावर. हा तिसरा, कासेचे रोग — तुमी दगडी म्हणता ना, ती हिथं. प्रत्येकात आधी व्हिडिओ, मग वाचायच्या नोट्स, मग छोटी टेस्ट. आणि हे सगळ्यात खाली, बंद दार, ही परीक्षा. पोरांना हे दिसत न्हाई, मलाच दिसतं. हे सगळं मी लावलंय बरं का. एकटीनं. ह्या कॉलेजातल्या सगळ्या विषयांचं. आमचे दुसरे एक आसाराम सर हायेत, त्यांनी मला नोट्स म्हणून काय दिलं माहितीये? वहीच्या पानांचे फोटो, तेही आडवे, अर्ध्या फोटोंत त्यांचा अंगठा. म्हणाले, मॅडम तुमी बघा काय ते, मला त्यातलं कळत न्हाई. पासवर्डसुद्धा मलाच देऊन टाकला. पगार त्यांचा कायमचा, मी तासावर, आणि काम कोणाचं? माझं. मी हसत हसत केलं. कारण पुढच्या महिन्यात कायमच्या जागेचा इंटरव्ह्यू हाय माझा, मोठ्या सरांनी शब्द दिलाय, म्हणलं जरा राबावं. मी तिसगावची, रोज मिरीच्या रस्त्यानं जीपनं येते-जाते. माझ्या आईनंबी माझ्यासाठी तुमच्यासारखेच खेटे घातलेत, कळतंय मला तुमचं.

हे बघा ना, तिसऱ्या घटकातला हा व्हिडिओ — ओळखा बरं कोणाची म्हैस? तुमचीच की! संस्कृतीनं काढून दिलाय, कास कशी धुवायची, पहिली धार वाटीत काढून गाठी कशा बघायच्या. पुस्तकातल्यापेक्षा हा बरा म्हणून मी हाच लावला. ऐका, मागं तुमचा आवाज, म्हशीला ‘हो हो’ करताय. तुमी कॉलेजात शिकवताय मावशी, तुमाला पत्ताच न्हाई. — हसलात! बरं वाटलं. न्हाईतर आल्यापासनं दगडासारख्या बसलाय.

हां, तर कसा उघडला. ते कसं हाय, पोरं लई डांबरट. व्हिडिओ लावून द्यायची आणि मोबाईल गोठ्यात टांगून म्हशीखाली बसायची. आत आपला व्हिडिओ चाललाय, बघतंय कोण — म्हैस! मग मी काय केलं, कुलूप घातलं. म्हणजे खरं कुलूप न्हाई हो, नियम. दुसऱ्या घटकातलं सगळं पुरं केल्याशिवाय तिसरा उघडणार न्हाई. तिसऱ्यातलं एकूण एक सोडवल्याशिवाय चौथा न्हाई. एकबी गोष्ट राहिली तर पुढं जाताच यायचं न्हाई, ताटकळत बसा. मोठे सर पण म्हणाले, वा मॅडम. — आता संस्कृतीनं काय केलं, तिसरा घटक सुरू केला, व्हिडिओ बघितला, नोट्स वाचल्या, छोटी टेस्ट दिली, आणि मग तिच्या खाली जे हुतं ते उघडलं. उघडलं आणि सोडवलं. आणि तो निघाला परीक्षेचा पेपर. झालं! परीक्षेच्या आधी चार दिवस. मशिनमध्ये नोंद हाय, तारीख-वेळ सगळं, मशिन काय खोटं बोलत न्हाई. आता तुमीच सांगा, ही चूक का न्हाई? पेपर दिसला तर बंद करावा ना माणसानं. ती सोडवत बसली.

— काय? बंद दाराआडचा पेपर तिसऱ्या घटकात कसा आला? तेच सांगते ना. आला. म्हणजे — यायला नको हुता. येतं कधीकधी असं. अहो, ह्या कॉलेजच्या नेटनं कधी धड साथ दिलीय का, म्हणून मी जाता-येता जीपमध्ये मोबाईलवरच फळ्या लावते. अंगठ्यानं धरायचं, ओढायचं, पाह्यजे तिथं सोडायचं. मी तो पेपर खालच्या खणात ओढत हुते, आणि मिरीचा रस्ता तुमाला माहितीये, जीप अशी आदळली की माझं डोकं टपाला लागलं, अंगठा सुटला, आणि वर रेंज गेली. मला वाटलं गेला असेल जागेवर. बघायचं राहिलं. घरी पोहोचले तर धाकट्याला ताप, मग काय सुचतंय. — पण म्हणून काय झालं? वर्गात एवढी पोरं हायेत, बाकी कोणी उघडला का? एकानं तरी? न्हाई उघडला! का, तर बाकीची तिसऱ्या घटकापर्यंत पोहोचलीच न्हाईत. दुसऱ्यातच लोळत हुती. सगळ्या वर्गात नियमानं अभ्यास करत आलेली ही एकटीच —

एक मिनिट. पाणी घेते मी जरा.

तसं बघू नका मावशी. मी काय म्हणतेय ते समजून घ्या. मुद्दाम न्हाई केलं तिनं, हे मला मान्य हाय. पण परीक्षेला चाळीसपैकी चाळीस पडल्यावर बाकीची पोरं गप बसतात व्हय? अर्ज घेऊन गेली सरांकडं. हिला आधीच पेपर मिळाला म्हणून. आता पोरांना तरी कुठनं कळलं म्हणा, ती जर परीक्षेत उठून बोलली नसती तर कोणाला — आणि मी बी तवाच तिचं ऐकून घेतलं असतं, ‘खाली बघ आणि सोडव’ असं खेकसले नसते तर —

काय म्हणाले मी? काही न्हाई. असंच.

— न्हाई सांगितलं? तिनं घरी तुमाला हे सांगितलंच न्हाई? उभी राहिली हुती हो ती. पेपर सुरू होऊन पाच मिनिटं झाली न्हाईत तर हात वर करून उभी. मॅडम, हे तर मी तिसऱ्या घटकात सोडवलंय, हाच पेपर हाय. सगळ्यांदेखत. मला त्या क्षणी सगळं कळलं — जीप, खड्डा, अंगठा, सगळं. मोठे सर दारात उभे. मी म्हणलं, आगाऊपणा करू नकोस, खाली बघ आणि सोडव. ती बसली बिचारी. खाली मान घालून सोडवायला लागली. संध्याकाळी मी पेपर गुपचूप उचलून जागेवर नेऊन ठेवला. चोरी केलेलं माणूस असं उभं राहून सांगतं का हो? मला कळत न्हाई व्हय? गेले आठ दिवस मला जेवण गोड लागत न्हाई.

सरांना? मोठ्या सरांना माहितीये. मी सांगितलं त्यांना, सगळं सांगितलं, न्हाई असं न्हाई. ते म्हणाले, मॅडम, जीप आदळली असं काही चौकशीत लिहिता येत नाही. कोणाचं तरी नाव लिहावं लागेल. एक तर मुलीचं, न्हाईतर तुमचं. आणि तुमचं लिहिलं तर इंटरव्ह्यूला बसू नका. असं म्हणाले. शांतपणे, चहा पीत. मी काय करू? माझा नवरा दोन वर्षांपासनं कारखान्याच्या कामावरनं घरी हाय, सासू अंथरुणावर. मला ती जागा पाह्यजे मावशी. लई पाह्यजे. तुमाला राग येतोय ना? यावा. मला माझाच येतोय.

आणि अजून एक काम दिलंय त्यांनी, तेबी सांगून टाकते, आता राहिलंच काय. हे बघा, हा चौथा घटक. त्याच्या कुलपावर काय लिहिलंय वाचू का? ‘हा घटक उघडण्यासाठी आधी तिसऱ्यातलं हे हे पुरं करा’ — आणि ह्या यादीत शेवटचं नाव बघा. तोच पेपर. मी पेपर हलवला खरा, पण कुलपात आपोआप चढलेलं त्याचं नाव तसंच राहिलंय. म्हणजे समितीनं सोमवारी हे बघितलं तर शेंबड्या पोरालाबी कळेल की पोरीनं काही उघडलं न्हाई, आमीच तिला उघडायला लावलं. तो सोडवल्याशिवाय तिला पुढं जाताच येत नव्हतं. सर म्हणाले, चारच्या आत तेवढं कुलूप काढून टाका. दोनदा क्लिक, बस्स. मग सगळं कसं साफसूफ, आणि पोरगी एकटी चोर. सकाळपासनं हात ठेवून बसलेय त्याच्यावर. न्हाई झालं अजून. तुमी आधी सही कराल तर मन घट्ट व्हईल असं वाटत हुतं. असं वाटत हुतं मला, काय सांगू.

— अहो, अहो, काय करताय? पेन कशाला घेतलं? मावशी! एवढं सगळं ऐकून वर सही करताय? मी काय सांगत हुते इतका वेळ, कानात गेलं का न्हाई? — काय? कोण म्हणालं? संस्कृती?

परत सांगा.

‘मॅडम सांगतील तिथं सही कर, मॅडम माझं वाईट करायच्या न्हाईत.’ असं म्हणाली? आज निघताना? आणि मी तिच्यावर खेकसलेलं सांगितलं न्हाई, पण हे सांगितलं?

द्या तो कागद. द्या म्हणते ना. अहो सोडा, फाटेल — फाटू दे, फाटला तर बरंच हाय. न्हाई, आता तुमी काही बोलू नका. सोमवारी तिला पाठवा. येणीफणी करून, वेळेवर, समितीपुढं जायचं तिला. आणि जे वर्गात उभं राहून म्हणाली तेच तिथं म्हणायचं, अक्षर न बदलता. मी सोबत असेन. आणि वडिलांना म्हणावं दुसरं वर्षच चाललंय अजून. — हळू बोला. गाडीचा आवाज आला. सरच हायेत. डोळे पुसा, तुमी काय केलंय रडायला?

या सर. — हो, ह्याच, संस्कृतीच्या आई. — नाही सर, सही नाही झाली. — त्या करत होत्या, मीच कागद काढून घेतला. — नाही, ते कुलूपही नाही काढलं. तसंच आहे, बघा ना. समितीला मीच उघडून दाखवणार आहे. — कळतंय सर, इंटरव्ह्यूचं कळतंय मला. चूक माझ्या हातनं झालीये, माझं नाव लिहा. — आवाज चढवू नका सर, त्या माझ्यासमोर बसल्यात.

मावशी, तुमी का थांबलाय अजून? निघा. सोनईची गाडी चुकेल. निघा म्हणते ना.