लाटसाहेबाची मोटर

हो, लिहा नं सर — पाच लाटसाहेब पाह्यले मी. आधी चीफ कमिशनर म्हनत, मंग गव्हर्नर झाले, पन आमा चपराशी लोकायसाठी सारे लाटसाहेबच. एकाले संत्री सोलून लागे, फोडीवर दोरा दिसला का प्लेट वापस — हे चालते का तुमच्या कॉलेजच्या वहीत? चालते? बरं. अन् हा फोटो कुठं भेटला तुमाले? हो, बंदूक धरून उभा हाय तो मीच, मार्तंड. कुहीच्या पल्याडचं जंगल. ढोल बडवत वाघ मचानाकडं हाकलाचा, त्याले चाळीस मानसं लागत — एक कमी पडला, तं मी माह्या साळ्याले नेलं, लहानूले. तो म्हने, "भाऊजी, धान कापाचं हाय." मीच म्हटलं, चाल गा, लाटसाहेब पाह्यशीन. अन् वाघ उलटला. लहानूची मांडी फाडली — जागीच गेला तो. तसंच लिहा.

काहून असे पाहून राहिले? ...नाई. जागीच नाई गेला. साहेबाची मोटर वीस कदमांवर उभी होती, फोटो चालू होता. साहेबानं पुसलं — पुसलं त्यानं, त्याले दोष देऊ नका — "कोनाले लागलं तं नाई?" मले चपराशायचा जमादार कराची गोष्ट चालू होती, सर, लाल पट्टा, पितळी बिल्ला. मी म्हटलं, "नो सर, ऑल वेल." एवढंच. लहानू झुडपाआड पडला होता, मांडीले धोतर बांधून. मोटरीत मी बसलो. त्याले बैलगाडीत टाकलं. कवडू गाडीवान मंग सांगे, तो सारखा मांगं पाहे, म्हने, "भाऊजी मोटर घेऊन येऊन राहिले का?" — दोन कोस म्हनत होता, मंग चूप झाला.

जमादार झालो नं मी, झालो. घरी सांगतलं, जागीच गेला, माह्या मांडीवर. दर साल पितराले माही बायको प्रयागबाई भावाचं पान वाढते अन् मले म्हनते, तुमी होते त्याच्याजवळ, पहिला घास तुमीच ठेवा — अन् मी ठेवतो, सर. तीस-पस्तीस सालं झाली, ठेवतो...

थांबा. फाटक वाजलं. लकडगंजच्या बजारातून आली वाट्टे प्रयागबाई — ती वही झोळीत टाका. नाई, चहा नाई आता. उठा, सर, जा तुमी. जा म्हटलं नं.