पंजाभर जागा

हॅलो?... हौ, बालाघाट... हौ, जोडा नागपूर... हॅलो, प्रेमलाल? अरे, मी पुष्पलताताई. जोरानं बोल, इथं दुलीचंदभाऊची राईस मिल चालू हाय.

हौ, धावतच आली. उरलेली हळद कालवत होती, हात तसेच. भाऊचा फोन पिवळा करून ठेवला... नाई, काही म्हनत नाई ते. पाहून राह्यले फक्त.

हौ, काल लागली आपल्या लहान्या साधनाले हळद. आता उद्या लग्न... झालं ना, चांगलं झालं. एक तूच नव्हता.

तुहं पेंटिंग?... हाय ना. घरीच हाय. कुठं जाते ते... नाई, नागपूरच्या बसमंदी नाई टाकलं अजून... जेवला का तू?

बरं, सांगतो. पन मधात ओरडायचं नाई.

आपल्या भिंतीले परवा चुना मारला. काल ओलाच होता. मंग बायाईनं हळदीचे हात उठवाचे कुठं? माय म्हने, भिंतीले हात लावाल तर पाहून घेईन. तवा शेवंताकाकूले तुहं पेंटिंग दिसलं, वसरीत उभं ठेवलेलं... हौ. तेच. दुसरं कोनतं?

ऐक ना... अरे, काकू म्हने, पोरगा काई लग्नाले येत नाई, पन बहिनीसाठी कपडा तयार करून गेला. चहूकडून रंग अन् मधात कोरी जागा. हळदीच्या हाताले नाई तर कायले सोडली असन?

हॅलो?... प्रेमलाल?... हाय का लाईनवर?

हौ. उठवले... मधातच. सगळ्या बायाईनं.

मी? मी कुठं होती... मी होती तिथंच. पयला हात माहा हाय.

आता काहून ओरडतं? तूच सांगतलं ना मले दिवाळीत? शेजारच्या वसंताचा रेडिओ उशाशी घेऊन, ते जॅझ का काय लावून, दिवसभर ब्रश फिरवत होता. मी म्हटलं, मधात पांढरं काहून सोडलं? तर तू म्हने, ताई, या बाजात आधी काही ठरवत नाईत. एक वाजवते, मंग थांबते, दुसऱ्याले जागा देते. दुसऱ्याच्या मनात येईन ते तो वाजवते... म्हटलं होतं का नाई? मंग. तू थांबला, आमी वाजवलं.

हसून राह्यला का रडून?... नाई, मले ऐकू येत नाई नीट.

धुऊन? अरे राजा, हळद कधी कपड्यावरून जाते का?

कसं दिसते?... खरं सांगू? दिवाळीत मी उगाच मान हलवली होती. मले तवा ते निळे-काळे फराटेच दिसले. पन काल... आपला डफडेवाला थांबते अन् बाया गानं उचलतात ना? तसं वाटलं. मले लय आवडलं, प्रेमलाल. डोये भरून आले माहे.

बाबा?... हौ, बाबानंही. कोनी म्हटलं नाई त्याईले. बाया गेल्यावर एकटेच गेले, खाली कोपऱ्यात पंजा उठवला, हात धुतला अन् गायीले चारा टाकाले गेले. मी पाह्यलं, म्हनून ठाऊक.

हौ हौ, ऑपरेटरभाऊ, दोन मिनिटं, लग्नघर हाय...

हां, बोल. बसमंदी टाकू?... नाई. देत नाई मी... समजलं ना मले, पयल्यांदा तुहं चित्र घेतलं त्या नागपूरच्या प्रदर्शनवाल्याईनं, सोमवारी ते हाय, मोठमोठे लोक येतीन. पन ते पुरं नाई झालं अजून. वरच्या अंगाले पंजाभर जागा कोरी हाय. साधना कोनाले हात लावू देत नाई तिथं. वसंताच्या पोरीले तिनं हळदीच्या अंगानं उचलून बाजूले केलं. म्हने, तिथं दादाचा हात.

काय काम हाय उद्या?... पेंटिंग टांगाचं? अरे, पेंटिंगच इथं हाय तर टांगशीन काय?

ऐक. आजच्या गाडीनं गोंदिया, सकाळच्या छोट्या गाडीनं बालाघाट. हात उठव, बहिनीवर अक्षता टाक, जेव, अन् बगलेत चित्र घेऊन वापस जाय. सोमवारच्या आत पोचतं तू... नाई, मी मुद्दाम नाई केलं... बरं, थोडंसं केलं.

अरे, जाऊन साधनाले काय सांगू? माय सकायपासून फाटकाकडे पाहून राह्यली. येतं का नाई, तेवढं सांग...

हौ ऑपरेटरभाऊ, ठेवतो, ठेवतो... प्रेमलाल?... काय म्हटलं? मिलच्या आवाजात... हळद?... हळद संपवू नका?

हॅलो?... हॅलो?...

कटला, भाऊ... येऊन राह्यला तो. हळद ठेवा म्हने. एखादं फडकं द्या, तुमचा फोन पुसून देतो.